असेंब्लीच बदलावी लागेल

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला काही शब्दांची उपजत धास्ती असते. ‘ऑडिट’ हा त्यातला एक, ‘बदली’ हा दुसरा आणि ‘सीझ’ हा तिसरा. त्यामुळे वसुबारसेच्या आदल्या दिवशी, काउंटरवर बोनस काढणाऱ्यांची रांग दरवाजाबाहेर गेलेली असताना माझ्या मेहुण्याचा फोन आला आणि तो नुसता ओरडला, “भावोजी, गाडी सीझ झाली!” तेव्हा माझ्या हातातले शंभराचे बंडल एकोणऐंशीवर थांबले आणि मला ते पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. कारण त्या गाडीच्या कर्जाला जामीनदार मी होतो.

“हप्ते थकवलेस?” मी आवाज शक्य तेवढा बँकेतला ठेवून विचारले.

“हप्ते नाही हो! कॅलिपर! मागचा कॅलिपर सीझ झालाय. जाम! चाकं फिरतच नाहीत.”

मी बी.कॉम. आहे. सेकंड क्लास. कॅलिपर हा शब्द आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. पण गाडी जाम झाली की हप्ता जाम होतो, हप्ता जाम झाला की जामीनदार कामाला लागतो, एवढे अकाउंटन्सी न शिकताही समजते. दुसऱ्या दिवशी सौ., चिरंजीव आणि फराळाचे चार डबे घेऊन मी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची बोट पकडली.

आता गाडी कसली ते सांगायला हवे. माझा मेहुणा नागावच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘एटीव्ही’ चालवायला देतो. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : स्कूटरने घरच्यांचा विरोध पत्करून ट्रॅक्टरशी लग्न केले असते, तर त्यांना जे अपत्य झाले असते ते म्हणजे एटीव्ही. चार फुगीर चाके, मोटारसायकलचे हँडल, आणि बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण वाळवंट जिंकायला निघालो असल्याचा भाव. १९७० साली होंडा कंपनीने असले वाहन काढले तेव्हा त्याला तीनच चाके होती. ती वळताना इतकी उलटली, की १९८८ साली अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्री थांबवावी लागली. चौथे चाक सुझुकीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच लावले होते. आपल्या एखाद्या रिक्षावाल्याचा सल्ला आधी घेतला असता तर त्यांची बरीच वर्षे वाचली असती. असो.

मेहुण्याकडे अशा दोन गाड्या आहेत, दोन्ही जुन्या घेतलेल्या. पावसाळाभर त्या घरामागच्या पडवीत झापांच्या आडोशाला झोपतात आणि दिवाळीला किनाऱ्यावर उतरतात. दिवाळीच्या सुटीतले दहा-पंधरा दिवस आणि नंतरचे शनिवार-रविवार यांवर वर्षाचे हप्ते अवलंबून. त्यातली एक गाडी चक्क जमिनीला खिळली होती. मागची दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्यावर, दोघांना मिळून एकच डिस्क आणि त्या डिस्कला धरणारा एकच कॅलिपर. त्या एका कॅलिपरने दात आवळले की दोन्ही चाके बंद. संयुक्त खात्यातल्या एकाने सही द्यायला नकार दिला की दुसऱ्याचेही पैसे अडकतात, तसाच प्रकार.

मी जाण्यापूर्वीच मेहुण्याने विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला होता. तो त्याने माझ्यासमोर पुन्हा केला. पलीकडच्या तरुणाने गाडी पाहिली नव्हती, आवाज ऐकला नव्हता, फोटोही मागितला नव्हता. त्याने फक्त मॉडेल विचारले आणि निकाल दिला :

“असेंब्लीच बदलावी लागेल.”

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकले आहे, की माझ्या मृत्युपत्रात त्याची नोंद करावी असे वाटू लागले आहे. घरच्या मिक्सरचे भांडे गळू लागले : असेंब्ली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकला : असेंब्ली. सौ.च्या स्कूटरचा इंडिकेटर लागेना : असेंब्ली. विधानसभेची असेंब्लीसुद्धा लोक पाच वर्षे चालवून घेतात. ह्यांना पाच मिनिटे दम नाही.

“किती पडतील?” मी विचारले.

“साडेआठ हजार. प्लस टॅक्स. पार्ट बाहेरून येतो सर, वीस-पंचवीस दिवस धरा.”

“पण बिघडलंय काय?”

यावर तो तरुण थोडा गोंधळला. रांगेतल्या गिऱ्हाइकाने मला एकदम ‘व्याज म्हणजे काय हो?’ असे विचारले तर मी गोंधळेन, तसा. मग म्हणाला, “सर, कॅलिपर बिघडलाय.”

माझा आजचा सगळा वाद या एका उत्तराशी आहे. पोट दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेलो आणि ते म्हणाले, ‘तुमचे पोट बिघडले आहे, पोटच बदलू,’ तर आपण त्यांच्याकडे पुन्हा जाऊ का? पण यंत्राच्या बाबतीत आपण मुकाट्याने कार्ड पुढे करतो. ‘बदलून टाका’ म्हणायला बिघाड समजावा लागत नाही. किंमतपत्रक वाचता आले की पुरते. दुरुस्ती करणाऱ्याला आधी कारण शोधावे लागते. आणि कारण न शोधता नवा भाग बसवला, की जुने कारण त्या नव्या भागाची वाट पाहत तिथेच बसलेले असते.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर मी एकतर्फी बोलतो असे म्हणाल. किनाऱ्यावर गाड्या लावणारा मेहुण्याचा एक दोस्त तेवढ्यात आला. त्याचा मार्ग फुकट होता. “कशाला साडेआठ हजार? मागचा ब्रेक काढून टाक, नळी पकडीने चिमटून बांध. पुढचे ब्रेक आहेत की! वाळूत पडून पडून माणूस कुठे पडणार?”

या सल्ल्याचा मला त्या साडेआठ हजारांहून जास्त राग आला. कारण त्या क्षणी दुसऱ्या गाडीवर एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या मुलीला पुढ्यात घेऊन चालले होते. वाळूत हँडल वळवलेले असताना नुसता पुढचा ब्रेक दाबला, की पुढची चाके अडतात, घसरतात आणि गाडी आपल्याला हवी तिकडे न जाता तिला हवी तिकडे जाते. ‘बदलून टाका’वाला आपला खिसा कापतो, ‘चालतंय की’वाला मान. दोघांत एक साम्य मात्र आहे : दोघांनीही कॅलिपर उघडलेला नसतो.

उघडणारा तिसरा माणूस गावात होता. मासेमारीच्या होड्यांची डिझेल इंजिने दुरुस्त करण्यात ज्यांची चाळीस वर्षे गेली, असे मिस्त्रीकाका. त्यांना आणायला मी स्वतः गेलो. “मिस्त्रीकाका, ब्रेकचं काम कराल का?” तर म्हणाले, “बघू तरी सायेब. बघायला काय पैसे पडतात?” आख्ख्या प्रकरणात ‘बघू’ म्हणणारे ते पहिले.

त्यांनी गाडीचा मागचा भाग उचलून खाली लाकडी ठोकळे दिले. चाक हाताने फिरवले. फिरेना. मग कॅलिपरवरचे एक इवलेसे बोंडले पान्याने किंचित सैल केले. त्याला निपल म्हणतात, आणि त्यातून हवा काढायची असते, हे मला तेव्हा कळले. चार थेंब काळपट पाणी बाहेर आले. उकळून उकळून कडू झालेल्या आमच्या ऑफिसातल्या चहाच्या रंगाचे. त्यांनी पुन्हा चाक फिरवले. तरी फिरेना.

“म्हंजे दोष वर नाही, खाली आहे,” ते म्हणाले.

मला याचा अर्थ लागायला पाच मिनिटे लागली, पण लागला तेव्हा फार आनंद झाला. पायाच्या पॅडलपासून कॅलिपरपर्यंत नळीत द्रव भरलेला असतो. वर कुठे तुंबून नळीत दाब अडकला असता, तर निपल सोडताच तो निघून गेला असता आणि चाक सुटले असते. सुटले नाही, म्हणजे कॅलिपरच अडकला. एका थेंबात अर्ध्या शक्यता बाद! आमच्या शाखेत सतरा रुपयांचा फरक शोधायला रात्रीचे नऊ वाजतात.

बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सांगितले फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलने, सतराव्या शतकात. ब्रेक त्यावरच चालतो. याच पास्कलने १६४२ साली, वयाची विशीही ओलांडली नसताना, बेरीज-वजाबाकीचे यंत्र केले होते, ते कशासाठी? तर वडील सरकारी करवसुलीचे हिशेब करता करता थकून जात म्हणून. हे वाचल्यापासून माझा न्यूनगंड पार गेला आहे. हिशेब आणि ब्रेक एकाच घरातून निघाले आहेत. तेव्हा कारकुनाला ब्रेकमधले काय कळते, असे यापुढे कुणी म्हणू नये.

मिस्त्रीकाकांनी दोन बोल्ट काढून कॅलिपर डिस्कवरून हलवून हलवून उतरवला. आतले दोन पॅड काढून माझ्या हातावर ठेवले. एक झिजून पत्र्याला आलेला, दुसरा जवळजवळ कोरा.

“बघा सायेब. एकच भाऊ राबतोय.”

कॅलिपर हा दोन पिनांवर इकडेतिकडे सरकणारा असतो, तेव्हाच दोन्ही पॅड डिस्कला सारखे लागतात. पिनांवरची रबरी टोपणे फाटली होती, खारे पाणी आणि वाळू आत गेली होती, आणि एक पिन आपल्या घरात गंजून अगदी एकजीव झाली होती. ती सुटायला गंजाचे तेल, एक रात्र आणि मिस्त्रीकाकांच्या दोन खास शिव्या लागल्या. मग पिस्टन. तो बाहेर काढायची युक्ती मला फार आवडली : नळी तशीच जोडलेली ठेवायची, निपल बंद करायचे, समोर चिंधी धरायची, बोटे लांब ठेवायची आणि पॅडल हळूहळू दाबायचे. ब्रेकनेच ब्रेकचा पिस्टन ढकलून बाहेर काढायचा. वसुलीसाठी कर्जदाराच्याच भावाला पाठवावे, तसे.

पिस्टनवर गंजाचा थर होता, पण खड्डे नव्हते. सील घासतो त्या जागी खड्डे पडले असते किंवा मुलामा सोलला असता, तर पिस्टन नवा घ्यावा लागला असता, असे काकांनी बजावून सांगितले. त्यांनी तो हजार नंबरच्या पॉलिशपेपरने ओला करून अलगद साफ केला. सील बसतो त्या खाचेत मिठासारखा पांढरा थर घट्ट बसला होता. मी उत्साहाने स्क्रूड्रायव्हर पुढे केला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी तो परत पिशवीत ठेवला. त्यांनी झाडूतला माडाचा एक हीर काढला, त्याचे टोक तिरके कापले आणि खाच कोरून काढली. “लोखंडाने ओरखडा पडतो. ओरखडा पडला की गळतो.” साडेआठ हजारांच्या असेंब्लीला पर्याय म्हणून झाडूचा हीर! पण हीर हातात असून भागत नाही. स्क्रूड्रायव्हर का नको, ते डोक्यात असावे लागते.

मग त्यांनी मला जुना सील दाखवला. ह्या सीलबद्दल मला चार शब्द अधिक लिहायचे आहेत, कारण त्या रात्री मला त्याने झोप लागू दिली नाही. माझी समजूत अशी, की ब्रेक दाबल्यावर पिस्टन पुढे जातो आणि सोडल्यावर आतली एखादी स्प्रिंग त्याला मागे ओढते. आत स्प्रिंग नाहीच! एक चौकोनी काठाचे रबरी कडे आहे. पिस्टन पुढे जाताना ते त्याच्याबरोबर किंचित वाकते, आणि दाब गेला की आपल्या मूळ आकारावर येताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढ्या केसभर अंतरात गाडीचे सगळे सुटणे आहे. पकडायचे काम शास्त्राने केले. सोडायचे काम त्या रबराच्या स्वभावावर ठेवले. आणि माणसाप्रमाणे त्याचाही स्वभाव खारी हवा, मळ आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलाने कडक होतो.

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नसतेच, हेही तिथेच कळले. बाटलीवर ‘डॉट ४’ लिहिलेला तो द्रव हवेतली ओल पितो. नवा असताना तो किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते. ओल प्याल्यावरची अट १५५ अंशांवर येते. उकळला की बुडबुडे होतात आणि पॅडल पोकळ जाते. शिवाय आतून गंज चढतो. म्हणून तो साधारण दोन वर्षांनी बदलायचा. मेहुण्याने गाडी घेतल्यापासून बदलला नव्हता. म्हणजे बदलण्याजोगी एकच स्वस्त वस्तू होती, आणि ती बदलायला कुणी सांगितले नव्हते!

सील, टोपणे आणि तांब्याचे वॉशर यांचा संच मिळतो का, असे मी त्या सर्व्हिस सेंटरला मुद्दाम विचारले. “किट येत नाही सर, असेंब्लीच येते.” मेहुणा बोटीने मुंबईला जाऊन स्पेअर पार्ट्सच्या बाजारात दिवसभर फिरला आणि पिस्टनच्या मापाचा, ब्रेकसाठीच केलेला संच आणि पॅडची जोडी घेऊन आला. येत नाही म्हणून सांगितलेली वस्तू कागदी पाकिटात छापील किमतीसह आली होती.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ सालच्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्याचे पोर्टलही काढले. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या अशी चार क्षेत्रे त्यात घेतली. उत्तम झाले. पण हक्क दिल्लीत मिळाला तरी पाना गल्लीतच लागतो. पाना धरणारा हात शिल्लक नसेल, तर त्या हक्काचे आपण काय लोणचे घालणार?

आणि तो हात कोण संपवतो आहे? इथे मला आपल्याच वर्गाविरुद्ध साक्ष द्यायची आहे. एसीच्या काचेमागचा माणूस साडेआठ हजार अधिक कर म्हणतो, तेव्हा आपण ‘बिलावर नाव नीट घाला हं’ एवढेच बोलतो. मिस्त्री सहाशे म्हणाला, की आपल्या अंगात बाजीराव संचारतो : “सहाशे? पार्ट तर आम्हीच आणला! काय केलंत एवढं?” लेखी बिलापुढे आपण वाकतो, तोंडी हिशेबाशी भांडतो. मिस्त्रीकाकांचा मुलगा पनवेलला घरोघरी पार्सले पोचवतो. बापाकडे काम शिकला असता, पण त्याचे म्हणणे असे, की पार्सलच्या पैशांत कुणी घासाघीस करत नाही. आता या मुलाला मी कोणत्या तोंडाने उपदेश करू?

नव्या सीलला ताजे ब्रेकचेच द्रव लावून पिस्टन हाताने दाबून बसवला. पिनांना काय लावायचे यावर मी “खोबरेल?” अशी सूचना केली, घरात भरपूर होते. काका हसले. साधे ग्रीस किंवा तेल लागले की ही रबरे फुगतात आणि पुन्हा जाम. त्यासाठी ब्रेकचे सिलिकॉन ग्रीस वेगळे मिळते. मग हवा काढायला मला पॅडलवर बसवले. “दाबा. धरून ठेवा.” ते निपल सोडायचे, पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे, निपल बंद. “आता सोडा.” एकदा मी निपल बंद होण्याआधीच सोडले, आणि हवा परत आत गेली. तेव्हा मिस्त्रीकाका प्रथमच मला ‘सायेब’ न म्हणता काहीतरी वेगळे म्हणाले.

शेवटी चाक हाताने फिरवले. फिरले. पॅडल दाबले. थांबले. सोडले. पुन्हा फिरले! आम्ही हे दहा वेळा केले. मग काकांनी रिकामी गाडी ओल्या वाळूवर चालत्या माणसाच्या वेगाने नेऊन थांबवून पाहिली, पुन्हा ठोकळ्यांवर चढवून कुठे थेंब गळत नाही ना हे बोट फिरवून पाहिले, आणि मगच मेहुण्याच्या हाती दिली. पाडव्याच्या संध्याकाळी पहिले गिऱ्हाईक बसले. काकांनी सहाशे मागितले. मी हजार दिले. त्यांनी चारशे परत केले. मी पुन्हा दिले. आयुष्यात पहिल्यांदाच उलटी घासाघीस केली आणि तिच्यातही हरलो. सातशेवर तोडगा निघाला.

निघताना मी विचारले, “पण मिस्त्रीकाका, मुळात हे असं झालं कशानं?”

“खारं पाणी. गोड्या पाण्यानं धुवायला पायजे रोज. आणि गाडी चार महिने हँडब्रेक लावून ठेवलीन. पॅड डिस्कला चिकटून ऱ्हायले, तसेच गंजले. कोणी सांगितलान लावायला?”

मेहुणा समुद्राकडे बघू लागला. तो फार सभ्य मुलगा आहे. जूनमध्ये त्याने मला फोन करून विचारले होते, आणि मीच त्याला, बँकेच्या तिजोरीला शोभेल अशा गंभीरपणे सांगितले होते की, वाहन उभे करताना हँडब्रेक लावलाच पाहिजे. साडेआठ हजारांची असेंब्ली बसवली असती तर हे कधीच बाहेर आले नसते, आणि पुढच्या जूनमध्ये मी तोच सल्ला पुन्हा दिला असता.

पुढचा जून आला. ऐन बारा वाजता, काउंटरवर एक आजोबा पेन्शनच्या नोटा दुसऱ्यांदा मोजत उभे असताना फोन वाजला. “भावोजी, गाडी आत ठेवतोय. चाकांना ठोकळे लावलेत. हँडब्रेकचं काय करू?”

“सोड!” मी ओरडलो. “आधी सोड तो!”

आजोबांनी दचकून नोटा सोडल्या. त्या गोळा करायला आम्हाला, मॅनेजरांसकट, पंधरा मिनिटे लागली. पण एकही नोट बदलून द्यावी लागली नाही.